खबरीची चढण

नेरच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात सर्वांत जास्त मागणी असते ती कोतवाल बुकाला. जातीचा दाखला काढायचा असो की पडताळणी समितीपुढे पुरावा ठेवायचा असो, माणूस खिडकीशी येतो आणि म्हणतो, "मॅडम, आजोबाचं कोतवाल बुक पायजे होतं." कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. अर्जदाराला त्यातली एकच ओळ हवी असते, आजोबाचे नाव आणि त्यापुढे लिहिलेली जात. नक्कल काढताना माझी नजर मात्र शेजारच्या रकान्यावर जायची. तो मृत्यूच्या कारणाचा रकाना. ताप. हगवण. देवी. साप चावून. विहिरीत पडून. आणि मध्येच एखादे पान असे, की वरपासून खालपर्यंत एकच शब्द: पटकी, पटकी, पटकी.

ही वही लिहिणाऱ्याच्या मनात पणतवाच्या दाखल्याचा विचार नव्हता. तो साथीची खबर देत होता. कोणत्या गावात किती माणसे कशाने मेली हे पाटील आणि कोतवाल यांच्यामार्फत ठाण्यात कळायचे, तिथून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला. साथ आली आहे हे साहेबाला समजायचा तो एकच मार्ग होता.

मी कोतवालाची मुलगी. नेर तालुक्यातल्या एका लहानशा गावात माझे वडील कोतवाल होते. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पावसाळ्यात पूर नियंत्रण कक्षाची वही माझ्याकडे असायची. वडिलांची वही आणि माझी वही यांच्यामधला काळ म्हणजेच आपल्याकडच्या संकटनिवारणाच्या व्यवस्थेचा इतिहास आहे, असे मला वाटते. त्या इतिहासात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. हुकूम वरून खाली यावा म्हणून आपण दीडशे वर्षे रस्ता बांधत आलो. खबर खालून वर जावी म्हणून जो रस्ता हवा, त्याची डागडुजी फक्त माणसे मेल्यावर झाली.

सुरुवात दुष्काळापासून करावी लागते. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळानंतर इंग्रज सरकारने रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या टप्प्यावर काय करायचे हे ठरवून देणारा आपल्याकडचा हा पहिला लेखी आराखडा. त्या वेळी नेर परसोपंत हे दारव्हा तालुक्यातले गाव होते, आणि जिल्ह्याचे नाव होते वणी. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला.

संहितेचे मी मनापासून कौतुक करते. धान्याचे भाव चढू लागले, सावकाराने हात आखडला, भिक्षा मिळेनाशी झाली, लहानसहान चोऱ्या वाढल्या, माणसे निरुद्देश भटकू लागली, तर हे सारे दुष्काळाचे इशारे समजून वर कळवा, असे त्यात सांगितलेले होते. आज संगणकावर जी पूर्वसूचना प्रणाली असते, तिचा गाभा हाच. पण त्याच संहितेत 'चाचणी कामे' होती. दुष्काळ पडला म्हणून गाव ओरडले तर लगेच मदत सुरू करायची नाही. आधी खडी फोडायचे कष्टाचे काम अगदी कमी मजुरीवर काढायचे आणि किती माणसे येतात ते मोजायचे. पुष्कळ आली तर दुष्काळ खरा. म्हणजे अधिकाऱ्याने पाहिलेले इशारे ग्राह्य होते, पण भुकेल्याचा शब्द ग्राह्य नव्हता. त्याला आपली भूक हातोड्याने सिद्ध करावी लागे. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा वऱ्हाडाला जबर बसला. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. दहा वर्षांनी ती साडेसत्तावीस लाखांपर्यंत खाली आली.

दुष्काळामागोमाग साथी. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग अधिनियम आला. मुळात चारच कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते हुकूम काढायची मोकळीक देतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांनी जे आदेश काढले, त्यांच्या माथ्यावर त्याच १८९७ च्या कायद्याचे नाव होते. मधल्या काळात १९१८ चा इन्फ्लुएंझा येऊन गेला. देशात सर्वाधिक माणसे गमावलेल्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. त्या साथीचा पुरावाही शेवटी गावागावांच्या मृत्यूच्या नोंदींतच सापडतो.

या नोंदी पोहोचवणाऱ्याची स्थिती काय होती? गावकामगाराचे काम रात्रंदिवसाचे. निरोप पोहोचवायचा, दवंडी द्यायची, बेवारस प्रेताची राखण करायची, सरकारी पाहुण्याचे सामान वाहायचे. विदर्भात हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजातल्या माणसांकडे होते. मोबदला अगदी तुटपुंजा. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाच्या याच अन्यायावर बोट ठेवून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडले. राबवून घ्यायचे सरकारने, आणि पोट भरायचे गावाच्या मर्जीने, हे त्यांना मान्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर व्यवस्था बदलली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरेऐवजी नेमणुकीने येणारा पोलीस पाटील आला, पटवाऱ्याचा तलाठी झाला. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून पटवारीच म्हणतात. कोतवाल मानधनावर राहिला. चतुर्थ श्रेणीत घ्या ही कोतवालांची मागणी माझ्या वडिलांच्या तोंडी होती, आणि त्यांच्यानंतरच्या पिढीच्याही तोंडी तीच राहिली. मानधन आता पूर्वीपेक्षा बरे आहे, पण गावातून निघणाऱ्या खबरीचा पहिला माणूस आजही कायम कर्मचारी नाही.

१९७२ चा दुष्काळ मी वडिलांकडून ऐकला. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा पूर्व भाग जितका होरपळला तितका आमचा जिल्हा होरपळला नव्हता, तरी कामे निघाली होती. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते. कामावर सुकडी वाटली जायची. वडील सांगायचे, "काम मांगाले कोनी लाजत नव्हतं, तं कागद मांगत नव्हतं." वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्याने एक फार मोठी गोष्ट केली, आणि ती क्वचितच कोणी बोलून दाखवते. ज्याला काम हवे त्याने अर्ज करायचा, आणि सरकारने पंधरा दिवसांत काम द्यायचे. भुकेल्याचा शब्द कायद्याने ग्राह्य धरला. चाचणी कामांपासून इथवर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दुष्काळ महिनोन्महिने चालतो. खबर पायी गेली तरी पोहोचते. पाणी तेवढा वेळ देत नाही. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातले मोवाड वर्धा नदीच्या पुरात बुडाले आणि २०४ माणसे गेली. हीच वर्धा पुढे आमच्या यवतमाळ जिल्ह्याची पूर्व सीमा होऊन वाहते, त्यामुळे मोवाडचे नाव अजूनही आमच्याकडे आषाढात निघतेच. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच मातीच्या भिंतींखाली गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. सैन्य, पोलीस, डॉक्टर, स्वयंसेवी संस्था, विद्यार्थी, परदेशी पथके सारे धावले. माणुसकीची कमतरता नव्हती. पण कपडे एकीकडे ढिगाने पडत होते आणि दुसरीकडे माणूस उघडा होता. कोण काय करतो आहे हे एका ठिकाणी कळेल अशी जागाच नव्हती.

महाराष्ट्राने किल्लारीतून धडा घेतला. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम आखला गेला त्यात घरांबरोबर व्यवस्थाही बांधायची होती. मंत्रालयात नियंत्रण कक्ष आला, जिल्हाधिकारी कार्यालयांत आले, बिनतारी यंत्रांचे जाळे आले, प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा लिहिला गेला, पुण्याच्या यशदात प्रशिक्षण सुरू झाले. मुंबईत २६ जुलै २००५ चा पूर आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, अशी जोडी त्यातून आली. आपत्तीत कोणाचा शब्द शेवटचा हा प्रश्न निदान कागदावर मिटला.

हा प्रश्न फक्त आपला नाही. १९७० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात डोंगरांना आग लागली. अनेक अग्निशमन दले आली. एकाची बिनतारी दुसऱ्याला लागेना, एकाच वस्तूला दोन दलांत दोन नावे, आणि हुकूम द्यायला प्रत्येकाचा वेगळा प्रमुख. त्यातून त्यांनी एक पद्धत बसवली. एका घटनेला एकच प्रमुख, सर्वांची एकच भाषा, आणि एका माणसाच्या हाताखाली मोजकीच माणसे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये ती आपल्याकडच्या रचनेत बसवून मार्गदर्शिका काढली. त्यामुळेच तालुक्यात तहसीलदार हा घटनेचा प्रमुख ठरतो, आणि पोलीस, आरोग्य, बांधकाम, वीज ही खाती त्याच्याभोवती उभी राहतात.

नेरच्या नियंत्रण कक्षात हे सारे एका टेबलावर उतरायचे. १ जूनपासून पहारा सुरू. सकाळी आठ वाजताचा पाऊस मंडळनिहाय लिहायचा आणि यवतमाळला पाठवायचा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, आणि तिथून पंचनाम्यांची चाके फिरू लागतात. माणिकवाडा, वटफळी, मोझर, मालखेड, कुठे नाल्याला पूर, कुठे वीज पडून बैल मेला, कुठे घराची भिंत खचली. टेबलाच्या काचेखाली फोन नंबरांचा एक कागद असायचा. ठाणे, ग्रामीण रुग्णालय, वीज कंपनी, एसटीचे आगार, पट्टीचे पोहणारे. दरवर्षी मे महिन्यात मी त्यातला एकेक नंबर फिरवून पाहायची. कोणाची बदली झालेली, कोणी वारलेला, कोणाचा नंबर बदललेला. आराखड्याची पाने कितीही जाड असली तरी रात्री दोन वाजता उपयोगी पडायचा तो हाच कागद.

आणि या काळात दोन सोयी अशा आल्या, की त्यांनी खेड्यातल्या माणसाच्या हातात थेट वर जाणारी वाट दिली. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. राज्यभरात ९३७ गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर, आणि फोन घेणारे केंद्र पुण्याला औंधमध्ये. मग २०२१ मध्ये पोलिसांची ११२ सेवा आली. तिची केंद्रे नवी मुंबईत आणि नागपुरात. बाळंतपणाला अडलेल्या बाईचा नवरा कोणाचीही परवानगी न मागता गाडी बोलावू शकतो, हे माझ्या वडिलांच्या काळात कोणाला खरे वाटले नसते.

तरीही २०१७ घडले. आमच्या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातले हे सर्वांत दुखरे प्रकरण. त्या खरिपात पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधे मिसळून फवारणी चालली होती. उंच पिकात फवारणाऱ्याच्या तोंडावरच औषधाचे धुके येत होते. जुलै-ऑगस्टपासून माणसे डोळे जळतात, ओकाऱ्या होतात, श्वास लागतो म्हणत दवाखान्यात येऊ लागली. कोणी आपल्या गावच्या केंद्रात, कोणी खासगीत, कोणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. हंगाम संपेपर्यंत जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडोंवर उपचार झाले. राज्यभर ओरड झाली ती ऑक्टोबरात. मग विशेष तपास पथक नेमले गेले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, संरक्षक किट वाटले गेले.

इथे नदी फुटली नव्हती, जमीन हादरली नव्हती. रोज दोन-चार माणसे वेगवेगळ्या गावांतून येत होती, आणि प्रत्येक ठिकाणी तो एक सुटा रुग्ण होता. डॉक्टरला रुग्ण दिसत होता, शेत दिसत नव्हते. कृषी खात्याला कीड दिसत होती, खाट दिसत नव्हती. महसुलाला अतिवृष्टीचा आकडा रोज येत होता, पण विषबाधेचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. कोतवाल बुकाच्या पानावर 'पटकी' ओळीने उतरत गेली की अडाण्यालाही साथ दिसायची. २०१७ मध्ये सगळ्या ओळी वेगवेगळ्या वह्यांत होत्या.

आणि कायदा तर आधीपासून होता. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाचे कलम २६ वाचावे. कीटकनाशक वापरताना वा हाताळताना विषबाधा झाल्याचे ज्याच्या लक्षात येईल त्याने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवावे, असे राज्य सरकार अधिसूचना काढून बंधनकारक करू शकते. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी ही खबरीची वाट आखून ठेवली होती. तिच्यावरून चालायची सवय आपण लावून घेतली नाही.

पाण्याच्या बाबतीत आपण बरेच पुढे आलो आहोत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसे पाण्याने वेढली गेली. तांड्यावरून खबर निघाली, ती तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मुंबईला काही तासांत पोहोचली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना साद घातली गेली, राज्य आपत्ती प्रतिसाद दल आले, माणसे सुखरूप बाहेर निघाली. या दलाची एक तुकडी नागपूरला आहे, म्हणून ती वेळेत येऊ शकली. १९९१ च्या मोवाडला यातले काहीच नव्हते. पण आनंदनगरच्या आधी दोनच वर्षे, सप्टेंबर २०२१ मध्ये, उमरखेडजवळच्या दहागाव नाल्यावर पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एसटी बस वाहून गेली होती, आणि तिथे पाण्यात उतरून माणसे ओढून काढणारे पहिले हात गावकऱ्यांचेच होते. कोणतेही दल आले तरी त्याच्या आधी गाव तिथे असते.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. तालुका आपत्ती समितीच्या बैठकीत कोतवाल, पोलीस पाटील आणि आशा ताई यांना निरोप्याची नव्हे तर सदस्याची खुर्ची द्या. वेगळे काही दिसले की थेट नियंत्रण कक्षाला कळवायचा त्यांचा अधिकार लेखी करा, आणि खबर खोटी ठरली तरी त्यांना बोल लावू नका. शंभर खोट्या खबरींचा खर्च एका बुडालेल्या गावापेक्षा नेहमी कमीच असतो. जूनपासून दिवाळीपर्यंत पावसाच्या रोजच्या तक्त्याला आणखी दोन रकाने जोडा, फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश, आणि सरकारी-खासगी सर्व दवाखान्यांचे आकडे त्या एकाच कागदावर आणा. तो कागद रोज सकाळी तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी या तिघांनी एकत्र वाचावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.

आणि ज्याने खबर दिली त्याला उत्तर मिळाले पाहिजे. वडिलांना आयुष्यात सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट मानधनाची नव्हती. "आपन सांगून येतो, मंग काय झालं ते कोनी सांगतच नाही," असे ते म्हणायचे. ज्याला उत्तर मिळते तो दुसऱ्यांदा खबर द्यायला धावत येतो. ज्याला मिळत नाही तो पुढच्या वेळी घरी बसतो, आणि त्याच्या घरी बसण्याची किंमत सारे गाव मोजते.